पंचविसावी तार

१

घाई केली की माझा हात बिघडतो, म्हणून सावकाश सांगतो. नावं आधीच सांगून ठेवतो, मागाहून घोटाळा नको. मी गेर्लोफ. बायको चिट्स्के. शेजारी एल्के. आणि हानुस. तो पार उत्तरेला फेरो बेटांवर राहतो. त्याला मी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही, पण तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

सदतीस वर्षं मी फ्रीसलँड प्रांतातल्या एका कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. मोजण्यात माझी चूक होत नाही, एवढं लक्षात असू द्या. निवृत्त झालो आणि हौशी रेडिओच्या नादाला पुरता लागलो. आमचं संभाषण तोंडाने होत नाही, मोर्सच्या टिंब आणि रेघांनी होतं. ते वाजवायची प्रत्येकाची लकब निराळी असते, तिला आम्ही ‘हात’ म्हणतो. माझी रेघ जरा लांबते आणि शेवटच्या टिंबाआधी मी किंचित अडखळतो. हानुस म्हणतो, हजार माणसांत तुझा हात ओळखीन.

अकरा वर्षं रोज सकाळी आठला आम्ही बोलत आलो. बायको गेल्यापासून तो एकटाच असतो. म्हणून एक ठरवून ठेवलं होतं. आठ वाजता ज्याचा आवाज येणार नाही, त्याच्या घरी दुसऱ्याने सव्वाआठला फोन करायचा. तशी वेळ एकदाच आली. हानुस न्हाणीघरात पडला होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून वाचला.

चिट्स्केला याचं कौतुक होतं आणि रागही. “तुला सर्दी झालेली त्या हानुसला माझ्याआधी कळते,” ती म्हणायची. “कधीतरी मलाही टिंब-टिंब करून सांगत जा की, काय चाललंय तुझं.” मी हसायचो आणि कानांवर हेडफोन चढवायचो.

२

माझी जुनी अँटेना म्हणजे एल्केच्या पॉप्लरच्या झाडाला बांधलेली लांब तार होती. सप्टेंबरच्या वादळात पॉप्लर पडला आणि माझं दुकान बंद झालं. आता आडवी तार बांधायला जागाच नव्हती. आमचं अंगण सहा मीटर बाय नऊ, त्यातच माझी रेडिओची लाकडी खोली, दोन सायकली आणि चिट्स्केचा फुलांचा वाफा. तेव्हा दहा मीटरचा एक खांब उभा केला.

उभ्या अँटेनाचा अर्धाच भाग वर दिसतो. उरलेला अर्धा जमिनीत असतो. खांबाच्या बुडाशी पोलादी चकती, चकतीला बोल्ट, प्रत्येक बोल्टाला एक तार, आणि त्या सगळ्या तारा सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या हिरवळीखाली पसरायच्या. त्या नसल्या तर तुम्ही पाठवलेली शक्ती माती खाऊन टाकते. ज्याच्याकडे शेत आहे त्याने लांबलचक तारा टाकाव्यात. माझ्यासारख्या टीचभर अंगणवाल्याने आखूड टाकाव्यात, पण पुष्कळ, आणि कुंपणाशी आल्या की वळवून घ्याव्यात.

कुदळीने गवतात फट पाडायची, तार आत दाबायची, पायाने फट मिटवायची. गुडघ्यांवर बसून मी चार दिवसांत चोवीस तारा टाकल्या.

“माझ्या ट्यूलिपच्या कंदांना शॉक नाही ना लागायचा?” चिट्स्केने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

“लागला तर लवकर उगवतील.”

“तूच जाऊन झोप तिथे. बघू, उगवतोस का.”

माती किती खाते ते मीटर सांगतो. आठ तारांना आकडा होता बासष्ट. सोळा झाल्यावर बावन्न. चोवीसला शेहेचाळीस. माझ्या मापाच्या अँटेनाला छत्तीस हा शेवटचा आकडा. अख्खं अंगण तांब्याने मढवलं तरी तो त्याच्या खाली जायचा नाही. शेहेचाळीसवर मी खूश होतो. हानुसनेही कळवलं, बरा ऐकू येतोस.

३

पुढच्या सोमवारी मीटरने पंचेचाळीस दाखवला. रात्री पाऊस झाला होता, ओली जमीन वीज बरी वाहते. त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. पण मंगळवारी ऊन पडलं, माती वाळली आणि आकडा चव्वेचाळीसवर आला.

चकतीवरचं झाकण काढलं. बोल्ट मोजले. पंचवीस तारा.

पुन्हा मोजल्या. एक बोटी मोजणारा माणूस जितक्या वेळा मोजेल तितक्या वेळा मोजल्या. पंचविसावीही माझ्याच हिरव्या तारेची, माझ्याच गुंडाळीतली दिसत होती. टोक सोलून, वळसा घालून, बोल्टाखाली नीट कसलेलं. फक्त तो वळसा उलटा होता. बोल्ट उजवीकडे आवळतो, म्हणून तारही उजवीकडेच वळवायची, नाहीतर आवळताना ती निसटते. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. हा वळसा डावीकडे घातलेला होता आणि तरी तो घट्ट बसला होता.

मी स्वतःशी म्हणालो, गेर्लोफ, दमला असशील, घातला असशील उलटा. मोजताना एखादी राहिली असेल. माझे वडील शेवटच्या काळात स्वतःचं नाव विसरले होते, ते आठवलं. म्हणून चिट्स्केला काही सांगितलं नाही.

साडेदहा वाजले होते. आमच्याकडे साडेदहाला कॉफी आणि सोबत एक बिस्कीट. एकच. मी बिस्कीट उचललं की चिट्स्के डब्याचं झाकण लावते, त्याचा टक्क आवाज येतो, आणि विषय संपतो. चाळीस वर्षांत दुसरं बिस्कीट मिळालेलं नाही.

“सपाता बदल आता,” ती खाली बघत म्हणाली. “डाव्या सपातीची टाच बघ, पार चपटी झालीय. फरफटत चालतोस तू.”

“चालतंय अजून.”

“सगळं चालतंयच तुझं,” ती म्हणाली आणि पेले उचलून गेली.

४

गुरुवारी अठ्ठावीस तारा होत्या. शुक्रवारी एकतीस. सगळे वळसे डावे.

मी त्यातल्या एका तारेचा माग काढला. गवतातली फट बोटाने उसवत गेलो. माझ्या तारा खांबापासून कुंपणाकडे जातात. ही घराकडे गेली होती. फरशीच्या कडेने, स्वयंपाकघराच्या भिंतीशी जाऊन ती जमिनीलगतच्या जाळीतून आत शिरली होती. आमच्या रांगेतल्या सगळ्याच घरांखाली अशी पोकळी असते, जेमतेम सरपटता येईल एवढी, ओल्या वाळूची. नळ त्यातूनच जातात. हवा खेळायला मागेपुढे जाळ्या असतात, आणि उतरायला पुढच्या दाराच्या आत, पायपुसण्याखाली काँक्रीटची झडप. वर्षानुवर्षं कुणी ती उघडत नाही.

नव्या सातही तारा त्या जाळीत गेल्या होत्या.

“काय रे, सापडलं का हरवलेलं?” कुंपणापलीकडून एल्केने विचारलं. तो त्याच्या कोबीतलं तण काढत होता.

“काय हरवलेलं?”

“मला काय माहीत! काल दुपारभर तिथेच तर रांगत होतास. पाऊस केवढा, अंगात कोट नाही. दोनदा हाक मारली. वळूनही बघितलं नाहीस. म्हटलं, नव्या खांबामुळे साहेबांना शेजारी दिसेनासे झाले.”

“काल दुपारी?”

“तीनच्या सुमाराला.”

काल तीन वाजता मी चिट्स्केबरोबर दातांच्या डॉक्टरांकडे होतो. माझ्या खिशात चिठ्ठीही होती. ती काढून मी वेळ वाचली. मग एल्केला म्हणालो, “हो, जरा कामात होतो.” असं का म्हणालो ते मला अजून सांगता येत नाही. बहुधा दुसरं काही म्हणायची भीती वाटली.

५

शनिवारी चिमटा घेऊन बसलो आणि डाव्या वळशाच्या सगळ्या तारा चकतीपासून कापल्या. चोवीस ठेवल्या. मीटरवर शेहेचाळीस आला पाहिजे होता. आला शंभरच्या वर. माझ्याच चोवीस तारा जणू आता जमिनीला लागतच नव्हत्या.

रविवारी सकाळी आठला हानुसला हाक दिली. हेडफोनमध्ये नुसता खरखराट. सव्वाआठला घरातला फोन वाजला.

“आहेस ना?” हानुसचा म्हातारा आवाज. त्याचा खरा आवाज मी क्वचितच ऐकला होता. “घाबरवलंस मला. गेला आठवडाभर तर माझ्या खोलीत बसून वाजवल्यासारखा ऐकू येत होतास. जे काय केलं होतंस ते पुन्हा कर.”

“करतो,” मी म्हणालो.

आणि तिथे मी माती खाल्ली. माझ्या जातीचा माणूसच अशी चूक करेल. चांगली जमीन एकदा मिळाली की आमच्याने ती सोडवत नाही. मी अंगणात गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि कापलेल्या तारा एकेक करून पुन्हा बोल्टांना लावल्या. मी स्वतः लावल्या. टोकं अशी वळलेली होती की उजवा वळसा बसेना. डावा घातला तेव्हा बसल्या.

मीटर बघितला. छत्तीस. आणि मी बघत असतानाच पस्तीस झाला. मग तेहेतीस. मग एकोणतीस.

छत्तीसच्या खाली जाता येत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. मीटर बिघडला असेल म्हणून रेडिओ क्लबातून दुसरा आणला. त्यानेही तोच आकडा दाखवला. आता माती खात नव्हती. आता मातीतून काहीतरी वर येत होतं. मी मीटर फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला.

६

बुधवारी हानुसचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होता. तो शब्द जपून वाजवत होता.

“गेर्लोफ, एक विचारू? रागावू नकोस.”

“विचार.”

“तू दुपारीही येतोस हल्ली. ते बरं वाटतं मला. पण परवा तू मला तुझ्या बायकोचं नाव विचारलंस.”

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

“म्हणालास, हानुस, माझ्या बायकोचं नाव काय रे? मला वाटलं गंमत करतोयस. सांगितलं. मग विचारलंस, ती कॉफीत साखर घेते का. मग तिला कोणत्या गोष्टीचं हसू येतं. मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. काल पुन्हा विचारलंस. डॉक्टरांना दाखव रे बाबा. तुझ्या वडिलांचं तूच सांगितलं होतंस.”

“तो मी नव्हतो,” मी वाजवलं. “दुसऱ्याचं नाव वापरणारे चोर असतात, तुला ठाऊक आहे.”



“नावाची चोरी होते,” हानुसने वाजवलं. “हाताची होत नाही. तो तुझाच हात होता.”

त्या दुपारी मी रेडिओची वायर भिंतीतून उपटली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवून स्वयंपाकघरात चिट्स्केजवळ बसलो. ती वाटाण्याच्या सुपासाठी गाजरं चिरत होती. मी बसलो याचंच तिला नवल वाटलं.

“बरं नाही का वाटत?”

“बरंय. तू बोल काहीतरी.”

“मी? काय बोलू?” ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. सुरी खाली ठेवून तिने माझ्या कपाळाला हात लावला. मला तिला सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात पायांखाली आवाज झाला. फार बारीक होता तो. नखाने फरशी खरवडावी तसा. टिंब, रेघ, रेघ. लांबलेली रेघ. मग शेवटच्या टिंबाआधी किंचित अडखळणं.

“नळ वाजतोय,” चिट्स्के म्हणाली. “कधीचा वाजतो. बघ ना एकदा खाली उतरून.”

७

गुरुवारी सकाळी चिट्स्के चर्चच्या गायनाला जाते आणि साडेदहाच्या कॉफीला परत येते. ती गेली. आठला मी हानुसशी बोललो नव्हतो. सव्वाआठला फोन येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. म्हणजे आठला हानुसला कुणीतरी भेटलं होतं.

मी ठरवलं, खाली जायचं आणि तारा जिथे जातात तिथूनच उपटायच्या. भीती वाटत होती, तरी विजेरी घेतली. चिट्स्के येण्याआधी हे मिटवायचं होतं. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या पायांखाली कुणीतरी पडून तिचं नाव पाठ करत होतं. सपाता दाराशी काढल्या, पायपुसणं बाजूला केलं, झडपेच्या भोकात बोट घालून ती उचलली आणि कडेला टेकवून ठेवली.

आत ओल्या वाळूचा वास. पोटावर सरपटत निघालो. मागच्या जाळीतून येणाऱ्या तारा विजेरीत लगेच दिसल्या. त्या आता सात नव्हत्या. मी मोजल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोजायचं सोडून दिलं. सगळ्या घराच्या मध्याकडे, बैठकीच्या खोलीखाली जात होत्या.

तिथे वाळूत एक चकती होती. माझ्यासारखीच. बोल्ट, वळसे, सगळं. चकतीपासून दोन उघडी टोकं निघाली होती. ती एकमेकांना टेकवून टेकवून चकचकीत झाली होती. त्यांच्याशेजारी वाळूत माणूस पडून राहील एवढा खड्डा होता. डोकं जिथे असेल तिथे वाळू जरा दबलेली. कोपरांच्या जागा खोल. मी त्यात हात ठेवला. वाळू कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

आणि पुढच्या दाराशी टेकवलेली झडप धप्पकन बसली.

८

मी वळलो आणि सरपटत आलो. झडप दोन्ही तळव्यांनी ढकलली. वर कुणीतरी उभं होतं. बोटाच्या भोकाला डोळा लावला. पायपुसणं अजून ओढलं नव्हतं. सपाता दिसल्या. माझ्याच. माझी डावी टाच चपटी होती. यांची उजवी चपटी होती.

दार उघडल्याचा आवाज आला. सायकलची किल्ली तबकात पडली.

“आज चक्क दाराशी येऊन उभा!” चिट्स्के म्हणाली. “काय झालं?”

“तुझी वाट बघत होतो,” माझा आवाज म्हणाला.

मी ओरडलो. कधी ओरडलो नव्हतो इतका ओरडलो, मुठींनी झडप बडवली.

“नळ बघितलास का रे? केवढा वाजतोय.”

“दुपारी बघतो. तू बस आधी. कसं झालं गाणं? सगळं सांग.”

पायपुसणं ओढलं गेलं आणि भोक काळं झालं. मग पावलं वरून गेली. खुर्च्या सरकल्या. ती बोलत राहिली, बराच वेळ, गायनातल्या बायकांबद्दल, कुणीतरी सूर चुकल्याबद्दल. मधे एकदा म्हणाली, “डाव्या हाताने ढवळतोयस, गंमतच आहे,” आणि खळखळून हसली. असं हसताना मी तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मिटल्याचा आला नाही.

“घे ना अजून एक,” ती म्हणाली.

त्याला किती दिवस झाले ते सांगता येत नाही. झडप होती ती जागा आता हाताला लागत नाही. जाळीही नाही. ज्या बाजूला सरपटावं त्या बाजूला वाळूच आहे. विजेरी संपली. तारा तेवढ्या आहेत, त्या धरून मी परत चकतीशी येतो. खड्डा माझ्या मापाचा आहे. त्यात पडलं की बरं ऐकू येतं, आणि ही दोन टोकं बरोबर हाताशी येतात. ती टेकवत मी हे वाजवतोय आणि ते कुठेही अडत नाही, जमीन इतकी चांगली आहे. माझं सांगणं दूरवर जात असणार.

सव्वाआठला फोन येत नाही. आठला माझ्या जागी तो रोज हजर असतो.

वर ती आत्ता चालतेय. तिची पावलं मी ओळखतो. ती गाजरं चिरते, गुरुवारी गायनाला जाते, हे सगळं लक्षात आहे. सुरुवातीला मी मुद्दाम सगळी नावं सांगितली होती. एल्के आहे, तू आहेस. एक होतं, ते आत्तापर्यंत होतं.

हानुस, ऐकतोयस ना? गंमत करत नाही रे. माझ्या बायकोचं नाव काय?